शेवटचा ट्राय कोणी केला?

“आज सामना कोणाचा?” बायकोने विचारलं.

“निळे आणि तांबडे,” खुंटा म्हणाला. तो पलंगाच्या कडेला बसून पायमोजे चढवत होता.

“मैदान?”

“नदीपलीकडचं.”

“मागच्या शनिवारी कुठे होतास?”

खुंट्याने दुसरा मोजा हातात घेतला आणि तो उलटा आहे की सुलटा हे बघण्यात नको तितका वेळ घालवला. “घरी,” तो शेवटी म्हणाला. “कुठे असणार? घरीच.”

बायकोची नजर दाराकडे गेली. मागच्या शनिवारी तो भल्या पहाटे उठून परगावी गेला होता, सामना खेळवून आला होता, आणि येताना मुलीसाठी एक पिवळी छत्री घेऊन आला होता. ती छत्री आत्ता त्याच्या डोळ्यांसमोर दारामागे टांगलेली होती.

“आजचा एवढा सामना नीट पार पडू दे,” तिचा चेहरा बघून तो म्हणाला. “मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. मुकाट्याने येतो.”

“हे तू मागच्या वेळीही म्हणाला होतास.”

“म्हणालो होतो?” खुंटा हसला. “बघ, हे मात्र खरंच आठवत नाही.”

विनोद तसा चांगला होता, पण त्या घरात आता हसायला कोणी राजी नव्हतं.

खुंटा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते त्याला रग्बीने दिलं. रग्बीत स्क्रम म्हणून एक प्रकार असतो. दोन्ही संघांचे आठ आठ गडी वाकतात, एकमेकांना घट्ट आवळतात आणि रेफरीचा हुकूम झाला की समोरासमोर भिडतात. मधे चेंडू सोडतात, आणि मग जो रेटेल त्याचा तो चेंडू. पुढच्या ओळीत तिघे असतात, आणि मागच्यांचा सगळा रेटा त्या तिघांच्या मानेवर येतो. खुंटा त्या ओळीत डावीकडे, बारा हंगाम उभा होता. उभा कसला, वाकलेला होता. पहिल्याच सरावाला म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं, मग खांदा लावून पाहिलं, मग आणखी दोघांना बोलावलं. शेवटी घाम पुसत म्हातारा म्हणाला, “हा माणूस नाही, खुंटा आहे. हलवाल तेवढा बळकट होतोय.” नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे सासूबाईसुद्धा फोनवर “खुंटेराव आहेत का घरी?” असं विचारायला लागल्या.

बारा हंगामांत खुंटा एकदाही स्ट्रेचरवरून बाहेर गेला नाही. याचा त्याला कोण अभिमान! आणि सगळी माती झाली ती या अभिमानापायीच.

डोक्याला मार बसून कोणी पडला की मैदानाबाहेरून डॉक्टर धावत येई आणि ठरलेले प्रश्न विचारी. हे मैदान कोणतं? हाफ पहिला की दुसरा? शेवटचा ट्राय कोणी केला? चेंडू समोरच्यांच्या रेषेपार नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय होतो, आणि या खेळात त्याहून मोठी गोष्ट नाही. एवढी मोठी गोष्ट आत्ता आत्ता डोळ्यांदेखत घडलेली, आणि ती ज्याला सांगता येत नाही त्याच्या डोक्यात काहीतरी बिनसलंय, असं समजून डॉक्टर त्याला बाहेर नेई. पण डॉक्टरला पोचायला थोडा वेळ लागे. तेवढ्यात संघातला कोणीतरी पडलेल्याच्या कानाशी वाकून सगळी उत्तरं सांगून मोकळा होई. याला ते लोक ‘पढवणं’ म्हणत.

पढवण्यात वकिलाचा हात धरणारा कोणी नव्हता. वकील म्हणजे संघाचा हुकर. पुढच्या ओळीत मधे असतो तो हुकर, म्हणजे खुंट्याच्या खांद्याला खांदा लावून बारा वर्षं जो वाकला तो वकील. रेफरीच्या प्रत्येक निर्णयावर हुज्जत घालायचा म्हणून वकील. खुंटा आडवा झाला की हा बूट नीट करायच्या मिषाने खाली बसे आणि पुटपुटे, “दुसरा हाफ. आपलंच मैदान. आपल्या नऊ नंबरने, खांबांच्या मधे.” डॉक्टर विचारी, खुंटा पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवी, डॉक्टर पाठ थोपटून परत जाई. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. उलट, सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं वकील माझ्यासाठी करतो, असं खुंटा चारचौघांत सांगायचा. आणि पुढच्याच आठवड्यात वकील पडला की त्याला हा पढवायचा. दोघांनी मिळून एकमेकांची डोकी खुशाल फुटू दिली आणि त्याला दोस्ती म्हटलं.

घरच्या काचेच्या कपाटात एक करंडक आहे. एका सामन्यातला सामनावीर म्हणून खुंट्याला मिळालेला. बायको तो पुसते तेव्हा खुंटा दुसऱ्या खोलीत जातो, कारण त्या सामन्यातलं त्याला काहीही आठवत नाही. बक्षीस घेतानाचा फोटो आहे, त्यात तो हसतोय. तो हसणारा माणूस कोण, हे त्याला खरोखर माहीत नाही.

मग मानेने दगा दिला आणि खेळणं संपलं. क्लबाने सत्कार केला, टाळ्या वाजल्या, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता एवढा मोठा माणूस स्वयंपाकघरात उभा राहून फ्रिजचं दार उघडझाप करू लागला. मेहुण्याने त्याला आपल्या फरशांच्या दुकानात बसवून पाहिलं. लोक यायचे, फरशी बघायचे सोडून याचे कान बघायचे. स्क्रममधे घासून घासून ते पार चुरगळून गेले होते. खुंट्याने महिनाभर कळ काढली आणि एक दिवस गल्ल्याची किल्ली ठेवून चालता झाला. त्यानंतरचं वर्ष बायकोला नको वाटतं आठवायला. तो ओरडायचा नाही, आदळआपट नाही, नुसता बसायचा. मुलीने एकदा विचारलं होतं, “आई, बाबा आजारी आहेत की रागावलेत?” बायकोलाही ते कळत नव्हतं.

त्यातून त्याला वर काढलं ते शिट्टीने. जुना खेळाडू रेफरी झाला की बाकीचे त्याला फितूर म्हणतात. खुंट्यालाही म्हणाले. शाळकरी पोरांच्या सामन्यांत त्याने आयाबापांच्या शिव्या खाल्ल्या, चिखलात पाय घसरून पडला, नियमांच्या परीक्षेत एकदा सपशेल आपटला. पण पहिल्यांदा स्क्रम लावताना त्याने “वाका” म्हटलं आणि सोळा धिप्पाड गडी एका शब्दावर वाकले, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. “धरा” म्हटलं, त्यांनी एकमेकांच्या जर्सी आवळल्या. मग सगळे श्वास रोखून तिसऱ्या शब्दाची वाट बघत राहिले. “भिडा.” घरी येऊन त्याने त्या रात्री दोनदा वाढून घेतलं. बायको मोरीत जाऊन रडली, आनंदाने.

रेफरी म्हणून त्याचं नाव झालं ते डोक्यांच्या बाबतीत. पढवण्याच्या सगळ्या खोड्या त्याला पाठ होत्या, त्यामुळे तो ठरलेले प्रश्न विचारायचाच नाही. डॉक्टरला बोलवण्याआधी स्वतः जाऊन विचारायचा, “मघाच्या स्क्रमआधी मी तुला काय बजावलं?” किंवा “शेवटचा मार तू कोणाला दिलास?” हे कोण पढवणार? किती जणांना त्याने असं बाहेर काढलं. खेळाडू दात खायचे, त्यांच्या बायका मात्र सामना संपल्यावर थांबून त्याला नमस्कार करायच्या.

आणि आता, चार हंगामांनंतर, खेळताना खाल्लेला मार त्याच्याच मुळावर आला होता.

सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी झाली. मग एक दिवस तो खेळायच्या काळातल्या जुन्या घरी गेला. बेल वाजवली, कोणी अनोळखी बाईने दार उघडलं, हा आत शिरला, बूट काढून रॅकमधे ठेवले आणि सोफ्यावर बसला. त्या बाईने घाबरून नवऱ्याला हाक मारली तेव्हा कुठे त्याला उमगलं. हा किस्सा त्याने घरी रंगवून सांगितला. बायको ऐकत राहिली, आणि त्या दिवसापासून लग्नकार्यात त्याच्या खांद्यामागे उभी राहू लागली. “हा तुझा आतेभाऊ. याची बायको गेली मागच्या वर्षी, तिची चौकशी करू नकोस.” वकील जे करायचा तेच आता ती करत होती, आणि हे दोघांनाही कळत होतं.

मैदानात त्याने युक्ती काढली होती. कानात यंत्र असे, त्यावर कडेच्या दोन्ही सहाय्यक रेफरींशी बोलता येई. प्रत्येक ट्रायनंतर तो करड्या आवाजात विचारी, “खात्री करा. कोणी केला, कुठे?” ते सांगत, तो मनगटाच्या कार्डावर लिहून घेई. रेफरी मंडळातले लोक म्हणत, काय काटेकोर माणूस आहे! विसराळूपणाची एवढी वाहवा जगात दुसऱ्या कोणाची झाली नसेल.

आजच्या सामन्याला मंडळाचे निरीक्षक येणार होते. खुंट्याला वरच्या गटात घ्यायचं की नाही, हे आज ठरणार होतं. वरच्या गटात नेमणूक म्हणजे तीन वर्षांची पक्की नोकरी. पण नोकरीचं तो बायकोला सांगायचा. खरं म्हणजे त्याला फ्रिजच्या दाराची भीती वाटत होती. शिट्टी गेली तर तो पुन्हा त्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहणार होता, आणि या वेळी कदाचित घर कोणाचं हेही त्याला सांगता येणार नव्हतं.

“निळे आणि तांबडे,” गाडी लावताना तो स्वतःशी पुटपुटला. “नदीपलीकडचं मैदान.”

पहिला हाफ झकास गेला. मध्यंतरात निरीक्षकांनी लांबून अंगठा दाखवला. दुसरा हाफ सुरू झाला आणि थोड्याच वेळात त्याच्या कानातलं यंत्र खरखरलं, शिट्टीसारखं वाजलं आणि मेलं. त्याने ते ठोकून पाहिलं, काढून पुन्हा बसवलं. सहाय्यकाने कडेवरून हात हलवले, त्याचंही बंद पडलं होतं. दुसरा संच नव्हता. खालच्या गटात कुठला असणार?

आता ट्राय कोणी केला हे त्याला कोणी सांगणार नव्हतं. पण खेळ थांबवता येत नव्हता. तो धावत राहिला, शिट्टी वाजवत राहिला, निर्णय देत राहिला. नियम त्याला आठवत होते. हात आपोआप उचलले जात होते. नियमांचं काहीच बिघडलं नव्हतं, नुकतं घडलेलं तेवढं धुवून जात होतं.

सामना अगदी रंगात आला होता. शेवटची काही मिनिटं उरली होती, तांबडे जेमतेम मागे होते. त्यांच्या हुकरने पळत्या निळ्याला खाली घेतलं आणि त्या निळ्याचा गुडघा बरोबर त्याच्या कानशिलावर बसला. आवाज खुंट्याला ऐकू आला. हुकर उठला, दोन पावलं चालला, आणि निळ्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिला. एका निळ्याने त्याला खांदे धरून हळूच वळवून दिलं.

खुंट्याने शिट्टी वाजवून वेळ थांबवली. डॉक्टरबाई पलीकडच्या टोकाला कोणाची तरी भुवई शिवत बसल्या होत्या. तेवढ्यात तांबड्यांचा पाणीवाला बाटल्या घेऊन आत धावला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, एका पायाने किंचित लंगडणारा. वकील. खेळणं सुटल्यावर तो तांबड्यांकडे दुय्यम प्रशिक्षक होता, आणि सामन्याच्या दिवशी पाणी द्यायच्या निमित्ताने निरोप पोचवायचा. त्याने हुकरपुढे बाटली धरली आणि त्याच्या कानाशी वाकला. खुंट्याने ते पाहिलं. हसू आलं त्याला. बेट्याची सवय गेली नाही.

तो हुकरजवळ गेला. मघाच्या स्क्रमआधी मी तुला काय बजावलं, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि मघाशी आपण काय बजावलं होतं तेच त्याला आठवेना. दुसरं काही विचारावं म्हणून त्याने डोकं खाजवलं. काही सुचेना. शेवटी तो म्हणाला, “शेवटचा ट्राय कोणी केला?”

“चौदा नंबर, सर,” हुकर म्हणाला. “उजव्या कोपऱ्यात.”

आता हे बरोबर की चूक?

खुंट्याने मनात मागे वळून पाहिलं. तिथे काही नव्हतं. धावफलकावर आकडे होते, पण ते कोणी मिळवले हे फलक सांगत नाही. मनगटावरचं कार्ड बघितलं. पहिल्या हाफनंतर त्यावर एक अक्षर नव्हतं. लिहायचं असतं हेच तो विसरला होता. उत्तर माहीत नसलेला मास्तर पोराच्या पाटीकडे बघतो तसा तो हुकरकडे बघत राहिला. हुकरचे डोळे त्याला दिसत होते, आणि असले डोळे तो ओळखत होता. डॉक्टरबाईंना हाक मारायला हवी होती. पण त्या येणार, आणि पहिलं विचारणार, “काय उत्तर दिलं त्याने? बरोबर होतं का?” मग काय सांगायचं? निरीक्षक वर बसले आहेत. सगळं मैदान बघतंय.

“ठीक आहे,” खुंटा म्हणाला, आणि मान डोलावली. “खेळ.”

चेंडू निळ्यांच्या हातून निसटला होता, म्हणून तांबड्यांचा स्क्रम लागला. गडी गोळा होऊ लागले. तेवढ्यात वकील बाटली पुढे करत त्याच्याजवळ आला.

“खुंट्या,” तो हळूच म्हणाला.

मैदानात रेफरीला या नावाने कोणी हाक मारत नाही. खुंट्याने बाटली घेतली.

“मी त्याला अकरा सांगितलं होतं,” वकील म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “डावा कोपरा, अकरा नंबर. तो चौदा म्हणाला. आणि तू मान डोलावलीस.”

खुंट्याने पाण्याचा घोट घेतला.

“कधीपासून होतंय हे?” वकिलाने विचारलं.

“पाणी दिलंस ना? जा आता.”

“वहिनींना माहीत आहे?”

“जा म्हटलं ना!”

“त्याला बाहेर काढ, खुंट्या. पढवूनसुद्धा चुकला म्हणजे आतून पार हललाय. मला काढता येत नाही, आमचे साहेब मला कच्चा खातील. तू काढ.” वकिलाने बाटली परत घेतली आणि आणखी जवळ सरकला. “तुझं मी कोणाला बोलणार नाही. आईशप्पथ. तू फक्त ध्यानात ठेव, अकरा नंबर, डावा कोपरा. कोणी विचारलं तर अकरा.”

तो लंगडत परत गेला.

आत्ताच ‘खेळ’ म्हणालो, आता कुठल्या तोंडाने काढू? खुंटा स्क्रमपाशी जाऊन उभा राहिला. सोळा जण त्याच्या तोंडाकडे बघत होते. सवयीने त्याचं तोंड उघडलं.

“वाका.”

सोळा जण वाकले. पुढच्या ओळीच्या मधे तो हुकर.

“धरा.”

पंधरा जणांचे हात झडप घालून जर्सीला चिकटले. हुकरचा डावा हात हवेत राहिला. तो शेजाऱ्याची जर्सी शोधत होता, अंधारात भिंतीवरचं बटण चाचपडावं तसा, आणि जर्सी त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होती. शेजारच्या डावीकडच्या गड्याने मान न वळवता त्याचा हात पकडून आपल्या पाठीवर ठेवून दिला. इतक्या मायेने, की खुंट्याला बघवेना. बारा वर्षं हेच तर केलं होतं त्याने. वकिलाचा हात असाच पकडून पाठीवर ठेवून दिला होता.

तिसरा शब्द बाकी होता. मागच्या शनिवारची परगावची फेरी विसरली, छत्री विसरली, बक्षीस घेतानाचा दिवस विसरला, पण हा शब्द तो मरेपर्यंत विसरला नसता. तो म्हटला की सगळ्यांचा सगळा रेटा त्या एका मानेवर जाणार होता.

त्याने शिट्टी वाजवली. “उठा. सगळे उठा. हुकर, तू बाहेर.”

तांबड्यांचा कप्तान तावातावाने पुढे आला. “सर, काय हे? आत्ताच तुम्ही त्याला विचारलंत! त्याने सांगितलं, तुम्ही ठीक म्हणालात!”

“चूक सांगितलं त्याने,” खुंटा म्हणाला. “अकरा नंबर. डावा कोपरा.”

किती सहज निघालं तोंडातून! आवाजात जरब होती, चेहऱ्यावर रेषही हलली नाही. कप्तान वरमला. अकरा नंबरने डाव्या कोपऱ्यात केलेला ट्राय त्याला नीट आठवत होता. तो मागे झाला.

डॉक्टरबाई धावत आल्या. हुकर त्यांच्या हाताला झटके देत होता. “मी ठीक आहे, सर. सर, ऐका ना. मी एकदाही बाहेर गेलेलो नाही. विचारा कोणालाही.” तो रडत होता, आणि आपण रडतोय हे त्याला कळत नव्हतं. मग तो डॉक्टरबाईंना म्हणाला, “हाफ कुठला चाललाय?” त्यांनी सांगितलं. चार पावलं गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं, “हाफ कुठला चाललाय?” त्याच्या बायकोने कठडा ओलांडला होता. ती धावत येत होती, हातात त्याचा कोट घेऊन.

दोघा मदतनिसांनी हुकरला धरून नेलं. डॉक्टरबाई पिशवी उचलताना खुंट्यापाशी थांबल्या.

“बरं झालं तुम्ही थांबवलंत,” त्या म्हणाल्या. “हा स्क्रम झाला असता तर काय झालं असतं, मला विचारही करवत नाही. तुमच्यासारखा काटेकोर माणूस मी पाहिला नाही.”

वर निरीक्षकांनी मान डोलावलेली खुंट्याला दिसली. सगळं निभावलं होतं. हुकर बाहेर गेला होता, नेमणूक हातात आली होती, वकिलाने तोंड न उघडायची शपथ घेतली होती. आता फक्त थोडी मिनिटं धावायचं होतं. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी कोणाचं तरी कानशील फुटणार होतं, कोणीतरी चौदा म्हणणार होतं, आणि तेव्हा पाण्याची बाटली घेऊन येणारा कोणी भलताच असणार होता.

खुंट्याला एकदम गुदमरायला झालं. स्क्रम कोसळून सगळे अंगावर पडल्यावर व्हायचं तसं.

“डॉक्टरबाई,” तो म्हणाला. “थांबा. मलाही विचारा.”

“काय विचारू?”

“त्याला विचारता तेच.”

त्या हसल्या. थट्टा चालली आहे असं त्यांना वाटलं. मग त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनी पिशवी पुन्हा गवतावर ठेवली.

“तुम्हाला काही लागलं का?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. “कधी लागलं?”

“विचारा हो,” खुंटा म्हणाला. त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले. “लवकर विचारा. नाहीतर माझा धीर जाईल.”

“शेवटचा ट्राय कोणी केला?”

त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, मैदानाच्या कडेला, वकील उभा होता. बाटल्या त्याने खाली टाकल्या होत्या. दोन्ही हातांची एकेक तर्जनी त्याने छातीशी शेजारी शेजारी उभी धरली होती. एक आणि एक. तो मान हलवत होता, ओठ हलवत होता, डोळ्यांतून पाणी काढत होता. सांग, लेका. सांगून टाक.

खुंट्याला ती दोन्ही बोटं अगदी स्वच्छ दिसत होती.

“माहीत नाही,” तो म्हणाला, आणि गळ्यातली शिट्टी काढून त्याने डॉक्टरबाईंच्या हातात दिली.